मंदावलेले इंटरनेट : दोष नेमका कुठे?

घरच्या संगणकाची इंटरनेट जोडणी मंद किंवा बेभरवशाची झाल्यास दोष शोधण्याचा क्रम, त्यासाठीच्या सोप्या चाचण्या आणि तक्रारीचा मार्ग

प्रवेशअर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि संगणकाच्या पडद्यावर गोल फिरत राहणारे चक्र. शहरातील बहुतेक घरांना हा प्रसंग अनोळखी नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर कार्यालय, शिकवणी, बँक आणि काही प्रमाणात डॉक्टरांचा सल्लाही घरच्या इंटरनेट जोडणीवर अवलंबून राहू लागला. ही जोडणी रडतखडत चालू लागली, की पहिला राग सेवा पुरवठादारावर निघतो, दुसरा राऊटरवर. आणि अखेरीस अधिक वेगाची, अधिक दराची योजना घेतली जाते. पुष्कळदा दोष मात्र राऊटरच्या जुन्या अ‍ॅडॉप्टरमध्ये, दाराच्या फटीत चेपलेल्या केबलमध्ये किंवा खुद्द संगणकातच असतो. योजना बदलून तो जात नाही, खर्च तेवढा वाढतो. उलट, दोष खरोखरच पुरवठादाराकडे असेल आणि ग्राहकाजवळ पुरावा नसेल, तर ‘राऊटर बंद करून पुन्हा सुरू करा’ या उत्तरापलीकडे तक्रार सरकत नाही.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच : अंदाज न बांधता क्रमाने तपासणे. त्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीची गरज नाही. एक चांगली केबल, एक वही आणि अर्धा-पाऊण तास एवढे भांडवल पुरते.

मार्गाचे पाच टप्पे

संगणक आणि संकेतस्थळ यांच्यामधला मार्ग पाच टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा म्हणजे खुद्द संगणक. दुसरा, संगणकापासून राऊटरपर्यंतचा. हा वाय-फायचा असतो किंवा केबलचा. तिसरा, राऊटर आणि मोडेम. फायबर जोडणीत मोडेमऐवजी ओएनटी नावाची पेटी असते आणि हल्ली ही दोन्ही कामे बहुधा एकाच पेटीत होतात. चौथा टप्पा घरापासून पुरवठादाराच्या केंद्रापर्यंतच्या तारेचा. पाचवा, त्या केंद्रापलीकडच्या देशी-परदेशी जाळ्याचा.

पहिले तीन टप्पे ग्राहकाच्या घरात असतात आणि त्यांची तपासणी त्याला स्वतःला करता येते. शेवटचे दोन पुरवठादाराच्या अखत्यारीत येतात. दोष या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ठरवणे हाच साऱ्या खटाटोपाचा हेतू होय.

‘मंद’ आणि ‘बेभरवशाचे’ यांतला फरक

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. पहिले, वेग कमी असणे : पाने उघडतात, पण चित्रफीत अडखळते आणि मोठी फाइल उतरायला तासन्‌तास लागतात. दुसरे, जोडणी तुटणे : वेग चांगला असतो, पण मध्येच सारे थांबते आणि काही क्षणांनी पुन्हा सुरू होते. तिसरे, प्रतिसादाला उशीर लागणे : वेग मोजला तर भरपूर, तरीही दूरसंभाषणात आवाज उशिरा पोहोचतो आणि दोघे एकाच वेळी बोलू लागतात. तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून आपले दुखणे कोणते, ते कोणत्या वेळी वाढते, एकाच संगणकावर जाणवते की घरातील सर्व उपकरणांवर, याची नोंद प्रथम करावी. फक्त एकाच संगणकावर त्रास असेल, तर शोध तेथेच सुरू करावा. सर्वांवर असेल, तर पुढच्या टप्प्यांकडे वळावे.

वेगाचा हिशेब

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. टेलिफोनवरून होणाऱ्या त्या ‘डायल-अप’ जोडणीची कमाल मर्यादा पुढे सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत गेली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. जाहिरातीतले १०० किंवा ३०० हे आकडे याहून कितीतरी मोठे दिसतात; तथापि त्यांच्यामागे ‘पर्यंत’ हा छोटासा शब्द जोडलेला असतो, तो दुर्लक्षून चालत नाही.

दुसरा घोळ बिट आणि बाइट यांचा. योजनेचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. आठ बिटचा एक बाइट होतो. म्हणजे ५० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त सव्वासहा मेगाबाइट उतरतील आणि एक हजार मेगाबाइटच्या फाइलला दोन मिनिटे चाळीस सेकंद तरी लागतीलच. पडद्यावर ‘६’ हा आकडा पाहून ‘पन्नासाचे पैसे घेऊन सहाच देतात’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, वापराची मर्यादा. अनेक योजनांत ठरावीक डेटा संपला की वेग आपोआप खाली आणला जातो. दर महिन्याच्या अखेरीस जोडणी मंदावत असेल आणि एक तारखेला सुधारत असेल, तर दोष तारेत नसून योजनेच्या अटींत आहे. पुरवठादाराच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात हे पाहता येते.

पहिली कसोटी : केबल लावून पाहणे

तपासणीची सुरुवात वाय-फाय बाजूला ठेवून करावी. संगणक केबलने थेट राऊटरला जोडावा, संगणकाचे वाय-फाय बंद करावे, घरातील बाकीची उपकरणे काही मिनिटे थांबवावीत आणि वेग मोजणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर चाचणी घ्यावी. ‘ट्राय’चे ‘मायस्पीड’ हे अ‍ॅपही त्यासाठी उपलब्ध आहे. मात्र ते मोबाइलवर वाय-फायनेच मोजते, हे ध्यानात ठेवावे. चाचणी एकदाच घेऊन थांबू नये. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, अशी किमान तीन दिवस घ्यावी व आकडे तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत.

निष्कर्ष सरळ असतात. केबलवर पूर्ण वेग मिळतो आणि वाय-फायवर मिळत नाही, तर दोष वाय-फायमध्ये. केबलवरही वेग कमी, पण दुसऱ्या संगणकावर ठीक, तर दोष पहिल्या संगणकात. सर्वत्र आणि सर्वकाळ कमी, तर राऊटर किंवा बाहेरची तार. सकाळी उत्तम आणि रात्री दयनीय, तर पुरवठादाराच्या सामायिक वाहिनीवर गर्दी. एकाच वाहिनीवर अनेक घरे जोडलेली असतात. सर्वांनी एकाच वेळी चित्रपट लावले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

‘पिंग’ची साक्ष

वेगचाचणी जोडणीची रुंदी सांगते, तिचा भरवसा सांगत नाही. त्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा आहे. माइक मूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याने त्याला नाव दिले. समोरच्या संगणकाला हाक मारायची आणि प्रतिसाद यायला किती वेळ लागला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. चाळीस वर्षांनंतरही याहून सोपे साधन नाही.

विंडोज संगणकावर ‘स्टार्ट’मध्ये सीएमडी ही रोमन अक्षरे टाइप केल्यास काळी चौकट उघडते. तीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की ‘डीफॉल्ट गेटवे’ या शब्दांपुढे राऊटरचा पत्ता दिसतो; बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आयपी पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर संगणकाला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल, वाय-फाय किंवा राऊटर यांपैकी एकात बिघाड आहे, असे समजावे.

यानंतर तीन हाका माराव्यात. पहिली राऊटरला, दुसरी ८.८.८.८ या गुगलच्या सार्वजनिक पत्त्याला आणि तिसरी एखाद्या परिचित संकेतस्थळाला, त्याच्या नावाने. एरवी पिंग चारच हाका मारते. पत्त्यापुढे वजाचे चिन्ह, ‘एन’ हे अक्षर व मोकळी जागा सोडून १०० हा आकडा लिहिल्यास शंभर हाका मारते. पत्ते आणि आकडे अर्थातच रोमन लिपीतील अंकांत टाइप करावेत.

राऊटरकडून केबलवर एका मिलिसेकंदाच्या आत आणि वाय-फायवर काही मिलिसेकंदांत उत्तर यायला हवे. तेथेच उत्तरे शे-दोनशे मिलिसेकंदांवर जात असतील किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असा मजकूर अधूनमधून येत असेल, तर दोष घरातच आहे आणि पुरवठादाराला दूरध्वनी करून उपयोग नाही. राऊटरची उत्तरे निर्दोष, पण ८.८.८.८ ची गहाळ होत असतील, तर दोष राऊटरच्या पुढे, बाहेरच्या मार्गात आहे. शंभरात दोन-तीन उत्तरे गहाळ झाली तरी दृक्‌श्राव्य संभाषण अडखळू लागते. ८.८.८.८ कडून उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नावच ओळखले जात नाही, तर दोष नाव आणि पत्ता यांची सांगड घालणाऱ्या ‘डीएनएस’ यंत्रणेत आहे. मात्र नाव ओळखले जाऊनही काही संकेतस्थळे पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. त्यामुळे केवळ एका ठिकाणचे मौन हा पुरावा नव्हे.

उशिराचा विचार करताना अंतरही लक्षात घ्यावे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागणारच आणि केबल वळणावळणाने जात असल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या वर लागतात. कोणत्याही महागड्या योजनेने हा उशीर कमी होत नाही.

संगणकातील चोरवाटा

केबल लावूनही एकाच संगणकावर त्रास असेल, तर प्रथम ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. ‘नेटवर्क’ या स्तंभावर टिचकी मारली, की कोणता प्रोग्राम किती डेटा खात आहे ते क्रमाने दिसते. विंडोजची अद्ययावतीकरणे, छायाचित्रांच्या ऑनलाइन प्रती ठेवणाऱ्या सेवा, खेळांचे प्रोग्राम हे नेहमीचे ग्राहक. त्याच चौकटीत ‘डिस्क’ किंवा ‘मेमरी’ शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर मंद आहे तो संगणक, इंटरनेट नव्हे. जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकांत ही गल्लत फार होते.

ब्राउझरला जोडलेली नको असलेली पूरके काढून टाकावीत. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी नकळत सुरू राहिली आहे का, ते पाहावे. विषाणू-तपासणी करावी, मात्र दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत, त्यांची आपसांत ओढाताण होते. लॅपटॉपवर वीजबचतीसाठी वाय-फाय कार्ड अधूनमधून झोपी जाते. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ही सवलत बंद करता येते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांबाबत अधिक सावध राहणे इष्ट.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. घरातील एखादे उपकरण मोठी फाइल वर चढवत असते, राऊटरमध्ये पाठवणीची रांग साचते आणि बाकी सर्वांचे छोटे संदेश त्या रांगेत अडकतात. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या प्रकाराला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. खूण सोपी आहे : एरवी १० मिलिसेकंद असलेले पिंग फाइल चढवताना पाचशेवर जाते. प्रती ठेवण्याच्या सेवांना वेगमर्यादा घालावी किंवा ते काम रात्रीवर टाकावे. राऊटरमध्ये ‘क्यूओएस’ची सोय असल्यास चढता वेग मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधून ठेवल्यास पुष्कळ फरक पडतो.

वाय-फायचे दुखणे

वाय-फाय दोन मुख्य पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून अधिक चांगल्या जातात, पण हा पट्टा अरुंद आहे आणि त्यात एकमेकांना न छेदणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका मजल्यावर चार सदनिका धरल्या, तरी वर-खालच्या मजल्यांसह डझनभर राऊटर या तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बोलत असतात. मायक्रोवेव्ह भट्टी आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात वावरतात. जेवण गरम करताना जोडणी तुटते, हा योगायोग नसतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त आणि वेगवान, पण त्याच्या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात. म्हणून राऊटरच्याच खोलीतील संगणकासाठी ५ आणि लांबच्या खोलीसाठी २.४, असा साधा नियम पाळावा. मोबाइलवरील वाय-फाय विश्लेषक अ‍ॅपने सर्वांत कमी गर्दीची वाहिनी पाहून राऊटरमध्ये ती निश्चित करावी.

राऊटरची जागा हा उपेक्षित विषय आहे. बाहेरची तार जेथून घरात येते तेथेच, म्हणजे बहुधा दारामागे किंवा दूरचित्रवाणी संचाच्या कपाटात, राऊटर बसवला जातो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि सळयांचा स्लॅब हे लहरींचे शत्रू. जुन्या वाड्यांतील हातभर जाडीच्या भिंती तर त्याहून. राऊटर घराच्या मध्यभागी, उघड्यावर आणि माणसाच्या उंचीच्या आसपास ठेवावा. तरीही आतल्या खोलीत वेग पोहोचत नसेल, तर स्वस्त ‘रिपीटर’ लावण्यापूर्वी विचार करावा. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शक्य असल्यास केबल टाकून दुसऱ्या खोलीत वेगळे वाय-फाय केंद्र बसवणे केव्हाही सरस.

सुरक्षेचा प्रश्न केवळ वेगाचा नाही. जुन्या ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘टीकेआयपी’ पद्धतीची कुलपे ठेवल्यास वेग ५४ एमबीपीएसवर अडतो, हे खरेच. पण त्याहून मोठा धोका परक्या वापराचा आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथील बॉम्बस्फोटांच्या सुमारास पाठवलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका सदनिकेच्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे तपासात आढळले होते. राऊटरवर ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ पद्धत निवडावी, लांब पासवर्ड ठेवावा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून पाहावी.

अ‍ॅडॉप्टर आणि केबल

जोडणी दिवसातून अनेकदा तुटत असेल, तर राऊटरच्या पानावर ‘अपटाइम’ पाहावा. राऊटर सुरू होऊन काहीच मिनिटे झाल्याचे दिसले, तर तो स्वतःच बंद-चालू होत आहे. याचे नेहमीचे कारण म्हणजे म्हातारा झालेला अ‍ॅडॉप्टर. त्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा अधिक अँपिअरचा नवा घ्यावा. राऊटर अनेक दिवस सुरू आहे, पण बाहेरची जोडणी मात्र काही मिनिटांपूर्वीच जुळली आहे, असे दिसल्यास तार किंवा पुरवठादार दोषी. या दोन ओळींच्या निरीक्षणाने कित्येक वाद मिटतात. वीज जाण्याची सवय असलेल्या भागात राऊटर आणि ओएनटी दोन्हींना छोट्या यूपीएसचा आधार द्यावा.

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएससाठी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटसाठी चारही लागतात. एक तार तुटली तरी जोडणी सुरू राहते, पण वेग शंभरावर घसरतो. ३०० ची योजना घेऊनही चाचणी नेमकी ९४-९५ वर अडत असेल, तर केबल, तिची टोके आणि राऊटरचे पोर्ट तपासावेत. काही स्वस्त राऊटरांची पोर्ट मुळातच शंभराची असतात.

घराबाहेरची तार

भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी २००५ मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली. अशा जोडण्या आता थोड्या उरल्या आहेत. पावसाळ्यात जोडपेटीत पाणी शिरले किंवा सांधे गंजले, की त्या आजारी पडतात. टेलिफोन उचलल्यावर खरखर ऐकू आली, तर निदान तेथेच झाले. मोडेमच्या पानावरील ‘एसएनआर मार्जिन’ सहा डेसिबलच्या खाली असल्यास जोडणी टिकत नाही. समांतर टेलिफोन फिल्टरशिवाय लावलेला नाही ना, हेही पाहावे.

अनेक इमारतींत स्थानिक केबलचालक गच्चीवरून गच्चीवर साधी नेटवर्क केबल ओढतो. ऊन-पावसाने तिचे आवरण फाटते, वीज कडाडली की पोर्ट जळतात आणि गच्चीवरील स्विचची वीज गेली की साऱ्या इमारतीचे इंटरनेट जाते. ही केबल शंभर मीटरपलीकडे नेऊ नये, हा नियमही अनेकदा मोडला जातो. शेजाऱ्यांनाही त्याच वेळी त्रास होतो का, हे विचारणे येथे सर्वांत उपयुक्त.

काचतंतूच्या जोडणीला गंज आणि विजेचे भय नसते, पण तीव्र वळण सोसत नाही. खिळ्याने ठोकलेली, दारात चेपलेली किंवा उंदराने कुरतडलेली तार प्रकाश गळू देते. ओएनटीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर प्रकाश पोहोचतच नाही, ग्राहकाने तक्रार नोंदवण्यापलीकडे काही करू नये. दिवा लाल नसूनही जोडणी अस्थिर असेल, तर ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ पाहावी. ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम या मर्यादेत असावी लागते. उणे २७ च्या जवळ गेलेला आकडा म्हणजे काठावरची प्रकृती. दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, हे ध्यानात घेतल्यास फरकाचे गांभीर्य कळेल. काचतंतूचे टोक काढून डोळ्याजवळ नेऊ नये; त्यातील लेसर अदृश्य असतो आणि डोळ्यांना अपाय करू शकतो.

काही संकेतस्थळेच मंद असतील तर

सारे ठीक असूनही पाने उघडायला सुरुवातीचे काही क्षण लागतात आणि नंतर ती झरझर येतात, तेव्हा संशय डीएनएसवर घ्यावा. राऊटरमध्ये ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा २०१८ पासूनचा १.१.१.१ हा पत्ता घालून पाहता येतो. युजरनेम-पासवर्डने जुळणाऱ्या ‘पीपीपीओई’ जोडणीत काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, तेव्हा राऊटरमधील ‘एमटीयू’ १५०० ऐवजी १४९२ असल्याची खात्री करावी.

केवळ परदेशी संकेतस्थळे मंदावली असतील, तर कारण समुद्राखाली असू शकते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रेंगाळले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या, तेव्हाही तोच अनुभव आला. अशा वेळी घरातील राऊटर बदलणे म्हणजे निव्वळ पैशांचा अपव्यय.

तक्रार कशी करावी

घरातील तिन्ही टप्पे निर्दोष असल्याची खात्री झाली, की वहीतील नोंदी कामाला येतात. ‘नेट मंद आहे’ असे न सांगता, ‘केबलवर, तीन दिवस, रात्री दहा वाजता इतका वेग, राऊटरपर्यंत एकही उत्तर गहाळ नाही, पुढे शंभरात इतकी गहाळ’ असे सांगावे. अशा तक्रारीला ठरीव उत्तर देणे कर्मचाऱ्याला अवघड जाते आणि ती लवकर तंत्रज्ञाकडे पोहोचते.

‘ट्राय’च्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार पुरवठादाराकडे दोन पायऱ्यांची यंत्रणा असते. प्रथम तक्रार केंद्राकडे नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. तोंडी आश्वासनावर थांबू नये. समाधान न झाल्यास त्याच पुरवठादाराच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. या प्रत्येक पायरीवर तक्रार क्रमांक, तारखा आणि चाचण्यांचे आकडे हाच ग्राहकाचा आधार.

शेवटचा दिवस ज्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, त्यांनी एक खबरदारी आधीच घ्यावी. परीक्षा, मुलाखत किंवा वैद्यकीय सल्ला ठरलेला असेल, तेव्हा मोबाइलचा ‘हॉटस्पॉट’ संगणकाला जोडून आदल्या दिवशी पाहून ठेवावा. दोष शोधण्याचे काम निवांत वेळी करावयाचे असते; ऐन वेळी पर्यायी मार्ग हाताशी असणेच उपयोगाचे.

थोडक्यात

* त्रास एका उपकरणावर की सर्वांवर, दिवसभर की रात्रीच, याची प्रथम नोंद करावी.
* मेगाबिटला आठने भागावे; उत्तर मेगाबाइटमध्ये येते.
* वाय-फाय बंद करून केबलवर तीन दिवस, तीन वेळा वेग मोजावा.
* राऊटर, ८.८.८.८ आणि संकेतस्थळाचे नाव, या क्रमाने पिंग करावे.
* एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. चार बदल एकदम केल्यास कशाने गुण आला ते कळत नाही.
* अ‍ॅडॉप्टर, केबल आणि राऊटरची जागा तपासल्याशिवाय नवी योजना घेऊ नये.
* तक्रार क्रमांकाशिवाय तक्रार झाली, असे समजू नये.